दोन बुड्या लांब

२ मार्च, सोमवार

ताई,

मायना काय लिहावा यातच सकाळ गेली. चोवीस वर्षांनी पहिलं पत्र. 'प्रिय' लिहावं तर तू भुवई उडवणार, आणि नुसता 'नमस्कार' घालावा तर नळाला पाणी येत नसल्याच्या अर्जासारखं दिसणार. म्हणून नुसतं ताई. धाकटी जन्माला आल्यामुळे तेवढा हक्क मला आपोआप मिळालेला आहे.

तुझ्या लेकीचं पत्र परवा आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून क्षणभर वाटलं बाबांनीच लिहिलंय, तसंच उजवीकडे कललेलं. मग आठवलं की बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तिने लिहिलंय, बारा एप्रिलला माझं लग्न आहे, मावशीने यायचंच. खाली आणखी तीन ओळी आहेत: 'मी पिवळा घालणार आहे, पिकल्या लिंबाच्या सालीचा. तू कुठला रंग घालून येणार ते आधी आईला लिहून कळव. तिची एवढी एकच अट आहे.'

अट वाचून आधी हसू आलं आणि मग ती पुन्हा दोनदा वाचली. मला यायचंय, ताई. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे मी कितीही आढेवेढे घेतले तरी ते खरं आहे.

बाकी रंगाचं म्हणशील तर कुणी कुणाच्या लग्नाला काय घालावं हे अख्ख्या गावाला मी सांगते. लग्नाच्या दिवसांत बाबांच्या रंगाऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर अजून रांग लागते. लोक कापड आणतात, नवरीच्या कापडाचा तुकडाही कुठून तरी पैदा करून आणतात आणि विचारतात, हा चालेल का. परवा बेकरीवाल्याची थोरली आली होती. ज्याने तिला दोन वर्षं झुलवत ठेवलं त्याच्याच लग्नाला निघालीय. म्हणाली, असा रंग द्या की त्याने एकदा तरी वळून पाहिलं पाहिजे. मी तिला पारव्याच्या पाठीचा करडा दिला. ती हिरमुसली. तिला म्हटलं, भडक घातलास तर सगळे वळतील आणि तो मुद्दाम वळणार नाही. करड्यात दिसली नाहीस तर शोधेल तरी. तिला ते पटलं. माझं मलाच पटलं की नाही, माहीत नाही.

बाबांचा नियम मी अजून तसाच चालवते. कापड जितक्या वेळा कढईत बुडेल तितका रंग गडद, एवढ्या साध्या गोष्टीवर त्यांनी माणसांची सगळी रीतभात बसवली होती. पाहुण्याने नवरीपासून दोन बुड्या लांब राहावं, म्हणायचे. एकच बुडी अंतर ठेवलं तर लोकांना वाटतं चुकून झालं. दोन ठेवलं तर मान राखला. आणि त्याहून फार लांब गेलं तर माणूस रुसून आल्यासारखं दिसतं.

आता तुझ्या लग्नाचं लिहायलाच हवं, नाहीतर मी झाकपाक करतेय असं म्हणशील. तुझा पोशाख डाळिंबी होता, माझा विटकरी. खिडकीच्या उजेडात शेजारी धरले तर दोन वेगळे रंग, कुणालाही कळले असते. पण लग्न संध्याकाळचं. दिवे लागले आणि दोन्ही एक झाले. पिवळा दिवा निळा रंग खातो. तुझ्या डाळिंबीतली निळी झाक त्याने खाल्ली आणि मागे उरला तो माझाच विटकरी. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी, कापडं दिव्याखाली बघायची राहून गेली. तसंच झालं होतं. रंगाचा बेरंग झाला तो असा.

रंग ठरला की कळवते.

तुझी
ठिपकी (हे नाव अजून चालत असेल तर)

८ मार्च, रविवार

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की मी हात पुसून उभी राहते. त्यालाही ते कळलंय. लांबूनच मान हलवतो.

हा आठवडाभर मी एक दिवसाआड सकाळी स्वतःसाठी एक नमुना रंगवला. तळहाताएवढे तुकडे, अंगणातल्या दोरीवर ओळीने. पहिला राखाडी. वाळल्यावर बघितला तर असा उदास, की मी तुझ्या लेकीच्या लग्नाला नव्हे तर कुणाच्या तरी मयताला निघालेय. दुसरा निळा, गडद. हा बरा होता, पण त्यात मी शाळा तपासायला आल्यासारखी दिसेन. तिसरा शेवाळी. तो तर अंगणातच कुठे गेला दिसेना, भिंतीवर खरं शेवाळ आहे ना. मला वाटलं हाच बरा, कुणाला दिसायलाच नको. मग वाटलं, चोवीस वर्षांनी जायचं आणि दिसायचंही नाही, तर कशाला जायचं?

अंगण तू सोडलंस तसंच आहे. दोन भट्ट्या, चार कढया, सात दोऱ्या. दुपारी वारा पडतो आणि ओली कापडं अगदी स्थिर लटकतात. मी त्यांच्यामधून चालते तेव्हा एका बाजूने पिवळी असते, दुसऱ्या बाजूने निळी, आणि मध्ये कुठे तरी मला माझाच हात हिरवा दिसतो. तासभर तशीच उभी राहिले तरी मला काही वाटत नाही. तू असतीस तर ओरडली असतीस, ठिपके, स्वप्नं नंतर बघ, कापड उलट.

आठवतं का, बाबा आपले झगे एकाच वेळी बुडवायचे? एक कढई, दोन झगे, एकच काठी. तुझा मोठा, माझा छोटा. कढईतून वर येताना ते एकमेकांत गुंतून यायचे आणि बाबा म्हणायचे, सोडवा रे आपापला. तीन वर्षांचं अंतर असून लोक विचारायचे, जुळ्या का. तू म्हणायचीस, नाही, एका कढईतल्या. त्यातच एकदा माझ्या नाकावर रंगाचा थेंब उडाला, तो पंधरा दिवस गेला नाही, आणि तू मला ठिपकी करून टाकलंस. वर्गात खरं नाव घेऊन हाक मारली तर मी मागे वळून बघायचे, कुणाला बोलावतायत म्हणून.

तुझ्या लग्नाच्या संध्याकाळीही काही मजेशीर घडलं होतं की नाही? एका आजोबांनी माझे दोन्ही हात धरले आणि सुखी राहा म्हणाले, वर मलाच विचारलं, तुमचे यजमान कुठले हो यातले. फोटोवाल्याने मला हाताला धरून तुझ्या खुर्चीवर बसवलं आणि मान कलती करायला लावली. सगळे हसले. मीही हसले. तू हसत नाहीस हे मला फार उशिरा दिसलं.

मग तू मला हॉलच्या मागच्या छोट्या खोलीत नेलंस आणि एवढंच म्हणालीस, काढ तो. मी पोशाख खुंटीला टांगला, एका बाजावाल्याचा जाडाभरडा कोट मागून अंगात घातला आणि स्वयंपाकघराच्या दाराने घरी आले. वाटेत थंडी होती की नाही ते आठवत नाही. तो पोशाख पुढे तू जाळलास की कुणाला दिलास, कधी विचारायचा धीर झाला नाही. रेशीम फार चांगलं होतं.

एवढ्यातेवढ्यासाठी माणूस चोवीस वर्षं बोलत नाही, असं मला म्हणायचं होतं. पण लिहिताना हात अडतोय. उद्या चौथा नमुना लावते. जांभळा नको, बदामी बघते.

ठिपकी

१५ मार्च, रविवार

ताई,

शुक्रवारी तुझी लेक आली होती. तुला सांगून आली असेल तर बरंच, नाहीतर तिला रागावू नकोस. कापड घेऊन आली होती. म्हणाली, माझा पिवळा मावशीच्या हातचा हवा.

दारात उभी राहिली आणि माझ्या हातून काठी कढईत पडली. तुझं कपाळ, तुझी उभं राहायची पद्धत, एका पायावर भार टाकून. पण बोलायला लागली तर बाबा. प्रत्येक कढईत वाकून बघितलंन, वास घेतलान, हात घालणार तेवढ्यात मी धरला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला म्हणतात. इथे तर ती कधी शेजारी बांधलीही नव्हती, तरी गुण आलेच.

आम्ही पायरीवर बसून चहा प्यायलो. तिने तुझ्या घराचं सगळं सांगितलं. भावोजी अजूनही दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून कामावर जातात, त्यांना लाल आणि तपकिरी आजही एकच. तुझा लग्नाचा पोशाख तू काचेच्या कपाटात टांगून ठेवलायस आणि कपाट खिडकीसमोर आहे, त्यामुळे एक बाजू पार विटलीय. रंगाऱ्याची मुलगी असून तू कापड उन्हात टांगलंस, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मग वाटलं, तुला ते माहीत नव्हतं असं कसं होईल.

निघताना तिने मला विचारलं, "मावशी, आई तुझ्यावर एवढी का रागावली होती?"

मी म्हटलं, ती काय सांगते?

"ती म्हणते, आजोबांची चूक होती असं सगळे म्हणतात. कापडं दिव्याखाली बघायची राहिली. मग मावशीचा काय दोष, येऊ दे तिला, फक्त रंग कळवू दे."

मी दोघींचे कप उचलून घेतले. अळीमिळी गुपचिळी. ती माझ्या गालाला गाल लावून गेली, तिच्या गालावर थोडा निळा लागला, आणि मी तिला सांगितलंही नाही. तशीच गाडीत बसली असेल.

त्या दिवसापासून मला धड झोप नाही. काल दुपारी अंगणातल्या बाजेवर डोळा लागला तर स्वप्न पडलं. तो हॉल होता, खुर्च्या मांडलेल्या, सगळे पाहुणे आलेले, आणि कुणाच्याही कपड्यांना रंग नव्हता. माणसंही बिनरंगाची, धुऊन काढल्यासारखी. बाबा एकेकाला हाताला धरून कढईपाशी नेत होते आणि विचारत होते, तुला कुठला हवा. प्रत्येक जण सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा बाबांनी विचारलंच नाही. माझ्याकडे बघून नुसते थांबले, फार वेळ. मी म्हटलं, बाबा, मला सांगता येत नाही. ते म्हणाले, येतं की. मग जाग आली, दोरीवरचा बदामी तुकडा माझ्या तोंडावर पडला होता.

तुझा निरोप मला कळला, ताई. तू दार उघडं ठेवलंयस. बाबांच्या चुकीतून मी आत येऊ शकते, खाली मान घालून, दोन बुड्या फिका कुठला तरी रंग घालून, आणि कुणी काही विचारणार नाही. बदामी अंगावर धरून पाहिला. अगदी योग्य आहे. शोभतोही. आणि तो घालून मी तुझ्यासमोर उभी राहू शकेन असं मला वाटत नाही.

ठिपकी

१९ मार्च, गुरुवार

ताई,

हे पत्र एका दमात लिहितेय. मध्ये थांबले तर फाडून टाकीन.

बाबांची चूक नव्हती. तुझ्या लग्नाआधीच्या बुधवारी, दिवेलागणीला, बाबा अंगणात कापडं उतरवत होते. मी तुझा आणि माझा, दोन्ही पोशाख घेऊन आतल्या खोलीत गेले, दिवा लावला आणि शेजारी धरले. सारखे होते. केसाचाही फरक नव्हता. मी पाच मिनिटं तरी बघत बसले असेन. इतकं सुंदर काही माझ्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही झालेलं नाही. मग मी दिवा मालवला. बाबांनी बाहेरून विचारलं, "दिव्याखाली बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं. छान आहे."

तीन शब्द. बाबांनी त्यावर विश्वास ठेवला. आणि त्या संध्याकाळी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, त्यांना एका क्षणात कळलं असणार, कारण ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, स्वप्नात बघितलं ना, तसेच. आणि मग म्हणाले, चूक माझी. त्यानंतर त्यांनी लग्नाचं एकही काम स्वतः केलं नाही. कुणी विचारलं तर डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, आता नजर राहिली नाही. त्यांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती, ताई. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

का केलं म्हणशील. तू जाणार होतीस. आयुष्यभर आपण एका कढईतून निघालो आणि आता तू एकटीच निघणार, वेगळ्या रंगाची, आणि मी काठी धरून उभी. मला एक संध्याकाळ हवी होती. लोकांनी विचारावं, जुळ्या का, आणि तू म्हणावंस, नाही, एका कढईतल्या. मला खरंच वाटलं होतं की तू हसशील. आणि थोडा हेवाही होता. थोडा म्हणजे बराच.

पण मुख्य ते अजून लिहिलंच नाही. जे तू पाहिलंस ते.

फोटोवाल्याचा गोंधळ संपल्यावर मी खांबाला टेकून पाठमोरी उभी होते. भावोजी मागून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "दमलीस का गं?"

मला आवाज ओळखू आला होता. हे तुझ्यासाठी आहे हेही कळलं होतं. वळून 'अहो, मी आहे' म्हणायला कितीसा वेळ लागतो. मी वळले नाही. मी म्हटलं, "हो."

मान वर केली तर समोरच्या दारात तू, हातात पाण्याचा पेला. तू ते 'हो' ऐकलंस. भावोजींना तर काही कळलंच नाही, ते तुला समोर बघून 'अरेच्चा' म्हणून हसत निघून गेले. तुला काय वाटलं असेल ते मी चोवीस वर्षं रोज वेगवेगळं ठरवत आले आहे.

भावोजींविषयी माझ्या मनात काही नव्हतं. ज्याला लाल आणि तपकिरी यातला फरक कळत नाही अशा माणसावर रंगाऱ्याची मुलगी कशी भाळेल? मला तो प्रश्न हवा होता. तीन आठवडे मी तुझ्या लग्नाच्या एकोणीस माणसांची कापडं रंगवत होते, प्रत्येकाला दोन बुड्या लांब ठेवत होते, माझी नखं काळी झाली होती, उभ्या उभ्या पेंगत होते, आणि कुणी, बाबांनीही, तूही, एकदा सुद्धा विचारलं नव्हतं. मग कुणी तरी विचारलं. ते माझ्यासाठी नव्हतं, तरी मी घेतलं. कपडा उसना घेतला तर परत देता येतो. हे कसं परत करायचं ते मला माहीत नाही.

आता तुला सगळं माहीत आहे. तू लेकीला सांगितलंस त्यातलं 'मावशीचा काय दोष' आता खरं राहिलं नाही, तेव्हा अटही राहिली नाही. मला बोलावणं हे तुझ्या हातात आहे. न बोलावलंस तरी मी समजेन. पिवळा मात्र मीच रंगवणार, तेवढं मला करू दे.

ठिपकी

२९ मार्च, रविवार

ताई,

दहा दिवस झाले. पोस्टमन आता मान सुद्धा हलवत नाही, दुसऱ्या बाजूने जातो.

पिवळा झाला. काल गाडीने पाठवला, पोचेल मंगळवारपर्यंत. चार बुड्या दिल्या, दोन सकाळच्या, दोन संध्याकाळच्या. खिडकीत पाहिला, सावलीत पाहिला, दिव्याखाली तर तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली पाहिला. उन्हात तो लिंबाच्या सालीचा दिसतो आणि दिव्याखाली सायीसारखा मऊ होतो. संध्याकाळी ती आत येईल तेव्हा लोक बोलायचे थांबतील बघ. तिच्या आसपास कुठला रंग येऊ नये याची यादी पाठवायची होती, मग म्हटलं तुझ्या घरात मी कोण यादी देणार.

दोरीवर माझे नऊ नमुने आहेत. बदामी, मातकट, कोवळ्या पानाचा, ढगाचा. वाऱ्यावर हलतात तेव्हा छान दिसतात, नुसते बघत बसावेत असे. बेकरीवाल्याची मुलगी आली होती. म्हणाली, त्याने शोधलं नाही. पण त्याच्या मावसभावाने विचारलं, हा करडा कुठून रंगवून आणला. आता ती त्याच्याशी बोलते म्हणे. मी म्हटलं, बघ, करडा वाया जात नाही.

मी येत नाही, ताई. असं ठरवलं म्हणजे निदान रोज सकाळी ठरवावं लागणार नाही. बारा तारखेला मी दुकान बंद ठेवीन आणि अंगणात बसेन. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तुम्ही हॉलमध्ये असाल तेव्हा मीही इथे एक दिवा लावीन, एवढंच. तू आत जाताना कपाळावरचे केस मागे कर, तुला सवय आहे ते पुढे येऊ द्यायची.

तुला लिहिताना बरं वाटत होतं. आता काय लिहू ते सुचत नाही.

ठिपकी

४ एप्रिल, शनिवार

ताई,

बुधवारी पार्सल आलं. पोस्टमन ते डोक्यावर घेऊन धावत आला, जसं काही त्याच्याच घरचं होतं, आणि मी दोरी सोडेपर्यंत हलला नाही.

वर तुझा डाळिंबी. खरंच विटलाय गं, डावी बाही तर धुतलेल्या विटेसारखी गुलाबट झालीय. त्याच्याखाली काळ्या कापडात गुंडाळलेलं काही तरी. काळं कापड बघूनच माझे हात थांबले. बाबा जो नमुना कधीच विटू द्यायचा नाही तो काळ्या कापडात गुंडाळून ठेवायचे. आपण दोघींनी मिळून किती तरी गुंडाळले असतील. मी ते उलगडलं आणि आत माझा विटकरी होता. त्या खुंटीवरचा. काल रंगवल्यासारखा, एक कड सुद्धा उडालेली नाही. आणि आत तुझी चिठ्ठी. मी ती इतक्यांदा वाचलीय की आता न बघता लिहून दाखवते:

'ठिपके, दोन्ही दिव्याखाली शेजारी ठेवून पाहिले. आता सारखे दिसत नाहीत. माझा विटलाय. तो तुझ्यासारखा करून आण. लेकीच्या लग्नाला आपण दोघी तेच घालू. या खेपेला खिडकीशी बघून कर, दिव्याखाली नको.

बाबा दिव्याखाली बघायला विसरले, हे मला कधीच पटलं नव्हतं. मी तूच सांगायची वाट बघत होते. फार वेळ लावलास. मीही विचारायला हवं होतं.

ह्यांना सांगून ठेवलंय, हाक मारून मान वळल्याशिवाय कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही. का, ते त्यांना अजून कळलेलं नाही.'

हे वाचून मी हसले ते इतक्या मोठ्याने की पोस्टमनही हसायला लागला. मग मी रडायला लागले तेव्हा बिचारा पाणी आणायला धावला आणि कढईतलंच तांब्यात भरून घेऊन आला. त्याचा हात अजून पिवळा आहे.

तुझा पोशाख मी आधी उकळून घेतला, जुना रंग उतरला तेवढा उतरू दिला. मग माझा विटकरी खिडकीत टांगला आणि त्याच्याकडे बघत बघत तुझ्या बुड्या मोजल्या. पहिलीनंतर तो लाजल्यासारखा दिसत होता. दुसरीनंतर ओळखीचा वाटायला लागला. तिसरीला मी काठीने वर काढला आणि सवयीने म्हणून गेले, सोडवा रे आपापला. अंगणात कुणी नव्हतं.

दोन्ही खिडकीत शेजारी टांगलेत. काल सकाळी पाहिले, दुपारी पाहिले, आज ढग आले होते तेव्हाही पाहिले. भर उजेडात सारखे आहेत, ताई. तुझा थोडा लांब, माझा थोडा आखूड, एवढाच फरक. तुझ्या लेकीच्या पिवळ्यापासून दोन नाही, चांगल्या दहा बुड्या लांब आहेत, तेव्हा बाबांनाही काही म्हणता येणार नाही. कुणी विचारलं, जुळ्या का, तर उत्तर तू द्यायचंस.

दिवे लागले की मी खिडकी लावून घेते. दिव्याखाली मुद्दाम बघितलेलं नाही. नमुने दोरीवरून काढले आणि बेकरीवाल्याच्या मुलीला देऊन टाकले.

चिठ्ठी तशीच घडी करत होते तेव्हा मागची बाजू दिसली. तिथे तू पेन्सिलने, घाईत लिहिलंयस: 'दमली असशील. दोन दिवस आधी ये, झोप काढ.'

हो, ताई. दमलेय. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचते.

ठिपकी